जोडव्यांना जागा ठेवलेला मोजा

सोलापुरात मोजे घालून हिंडणारा माणूस एक तर पोलीस असतो, नाही तर नवरदेव. पोलिसाला नोकरी टिकवायची असते आणि नवरदेवाला सासऱ्याचं मन मोडायचं नसतं. बाकी कुणी शहाणा माणूस आमच्या उन्हात पाय कोंडून ठेवत नाही. असं असूनही माझ्या शाळेच्या शेवटच्या वर्षी आमच्या घरात मोज्यांखेरीज दुसरा विषय नव्हता. सकाळी बंब पेटवताना मोजे, दुपारी भाकरीवर शेंगाचटणी घेताना मोजे, आणि संध्याकाळी ओट्यावर माणसं जमली की राजकारण बाजूला ठेवून पुन्हा मोजेच. ज्या बाईच्या पायांसाठी हा सगळा खटाटोप चालला होता ती आत चुलीपुढं बसलेली असायची. तिला काही विचारायला कुणी आत जात नसे.

ती बाई म्हणजे माझी आई. तिला साखर झाली होती. आमच्याकडे मधुमेह कुणी म्हणत नाही, साखर झाली म्हणतात, आणि त्यामुळे तो रोग जरा घरगुती वाटतो. आईनं चहातली साखर सोडली, पण पुरणाच्या दिवशी नैवेद्याला नाही म्हणू नये असं स्वतःच ठरवून ती दोन पोळ्या जास्त खायची. पायाला काही लागलं तर ते महिनोन्‌महिने भरून यायचं नाही. म्हणून दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं की अनवाणी फिरायचं नाही, पायात सुती मोजे घालायचे, आणि त्या मोज्यांना वर इलॅस्टिक नको. बाजारात मिळायचे ते नायलॉनचे, आणि त्यांचं इलॅस्टिक असं की मोजा काढल्यावर पोटरीभोवती लाल वळ उठायचा. आता औषधांच्या दुकानात साखरवाल्यांसाठी वेगळे मोजे मिळतात. वेष्टनावर एक हसरं म्हातारं जोडपं बर्फाच्या डोंगरापुढं उभं असतं. साखर झालेली माणसं इतकी आनंदात असतात हे मला ते वेष्टन बघूनच कळलं.

आईच्या पायांची आणखी एक गोष्ट सांगायला हवी. उन्हाळ्यात आम्ही गच्चीवर कुरडया घालायचो. फरशी इतकी तापायची की मी या पायावरून त्या पायावर उड्या मारत जिना गाठायची. आई मात्र पदर खोचून, चपला जिन्यात काढून, देवळात प्रदक्षिणा घालावी तशी सावकाश चालायची. आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, याचा फार अभिमान. ओट्यावर बसून ते लोकांना सांगायचे, आमच्या हिला ऊन लागतच न्हाय, जुनी हाडं हायती. लोक माना डोलवायचे. तिच्या पायांना काही कळतच नसेल, हा विचार त्या ओट्यावर बसलेल्या एकाही डोक्याला शिवला नाही, आणि डोकी बरीच होती.

आप्पा गिरणीत जॉबर होते. जॉबर म्हणजे खात्यातल्या मागांचा आणि माणसांचा मुकादम. माग बिघडला की तो दुरुस्त करायचा आणि माणूस बिघडला की त्याला शिव्या द्यायच्या. गिरणी बंद पडली तेव्हा हा सगळा अधिकार ते डब्याच्या पिशवीत घालून घरी घेऊन आले. घरी त्यांच्या हाताखाली मी, आई आणि आईची शिलाई मशीन एवढंच खातं उरलं होतं. आई उशांचे अभ्रे शिवून घर चालवत होती, त्याबद्दल आप्पा काही बोलायचे नाहीत, पण भाकरी दोन्ही अंगांनी सारखी फुगली की नाही हे मात्र ताट तिरपं धरून तपासायचे. आई एकदा म्हणाली की माल पसंत नसला तर परत पाठवा. भोंगा बंद झाला होता, तर भोंग्याच्या वेळेला आप्पा स्वतःच घसा खाकरायचे आणि आम्ही दचकून उठायचो. शेजारी नरसय्यामामांच्या शेडमध्ये दिवसभर टॉवेलचे माग खटखटत असायचे. त्या खटखटीत जरासा फरक पडला की आप्पा घास टाकून तिकडे पळायचे. भिंतीपलीकडच्या मागाचं दुखणं त्यांना ताटावर बसून ऐकू यायचं.

तर मोजे. शाळेतल्या शिवणकामाच्या बाईंना मी आईचं सांगितलं, तेव्हा त्यांनी मला पुण्याच्या एका मासिकाचं पान फाडून दिलं. चार सुयांवर विणायचे लोकरीचे पुरुषी मोजे. पुण्यात थंडी पडते आणि पुणेकरांना ती छापायलाही आवडते. मी ते पान घरी मोठ्यानं वाचलं. साठ टाके घालावेत, दोन सुलट दोन उलट अशी बोटभर पट्टी विणावी, मग सगळे सुलट, टाचेसाठी निम्मे टाके एका सुईवर घ्यावेत, असं ते चाललं होतं. मला दोन सुयांवर सरळ पट्टी विणता यायची, ती विणत राहायची आणि कंटाळा आला की तिला मफलर म्हणायचं. चार सुया बघूनच मला घाम फुटला. आप्पा आडवे पडून ऐकत होते. ते उठून बसले आणि त्यांनी दोन वाक्यं उच्चारली. पहिलं, "सुया बायकांच्या." दुसरं, "सुताच्या गावात ऱ्हाऊन लोकर कशाला लागती?" दुसरं वाक्य खरं होतं, आणि त्यामुळे पहिलंही खरं असल्यासारखं सगळ्यांना वाटलं.

माझ्याकडे दोऱ्याचं एक रिकामं लाकडी रीळ होतं, त्याच्या तोंडाशी चार चुका, म्हणजे बारीक खिळे, ठोकलेल्या. त्या चुकांभोवती लोकर फिरवायची, पुन्हा एक फेरा घ्यायचा, आणि खालचा फास आकडीनं उचलून वरच्या फासावरून पलीकडे टाकायचा. असं करत राहिलं की रिळाच्या पोटातून गोल दोरी खाली उतरते. वर्गातल्या सगळ्या मुली असल्या दोऱ्या करायच्या आणि त्यांचं पुढं काय करायचं हे एकीलाही ठाऊक नव्हतं. आप्पांनी ते रीळ हातात घेऊन उजेडाकडे धरलं, दोरी ओढून पाहिली, आणि ह्येच मोठं केलं की झाला मोजा, असं जाहीर केलं. पोळपाट-लाटणी करणाऱ्या मौलाचाचांकडून लाकडाचं एक कडं करून आणलं. त्याच्या काठावर बिनटोपीचे खिळे ठोकले. सायकलची जुनी तार घासून आकडी केली. नरसय्यामामांनी टॉवेलच्या सुताचं बाचकं दिलं. त्या दिवशी आमच्या ओट्यावर गिरणी पुन्हा सुरू झाली.

परवा माझ्या नातीनं फोनवर मला दाखवलं. परदेशातल्या बायका गुलाबी प्लॅस्टिकच्या कड्यांवर असेच मोजे विणतात, मागं संगीत लावतात आणि मधूनमधून कॉफी पितात. मी म्हटलं, हे आमच्या ओट्यावर कधीच झालंय. ती माझ्याकडे जरा काळजीनं बघायला लागली आणि आजी, आज साखर तपासली का, असं तिनं विचारलं. आता साखर माझ्याकडेही आहे, वारशात दुसरं काही आलं नाही.

सुयांवरचा नमुना कड्यावर उतरवायचा म्हणजे काय, ते त्या ओट्यावरच्या मंडळींना पहिल्याच आठवड्यात कळलं. सुयांवर हवे तेवढे टाके घालता येतात, लागले तर वाढवता येतात, नको झाले तर कमी करता येतात. कड्यावर जितके खिळे तितकेच टाके. पान सांगायचं की इथं दोन टाके कमी करा, आणि आप्पा पानालाच विचारायचे, "खिळा काय उपटून टाकू व्हय?" मग नवं कडं. लहान कडं, मोठं कडं, जवळ खिळ्यांचं, लांब खिळ्यांचं. मौलाचाचा बिचारे काही न बोलता करून द्यायचे. घरात कड्यांचा इतका पसारा झाला की आईनं एकावर लसणाच्या गड्ड्या टांगल्या आणि एक उलटं करून त्यावर हंडा ठेवला. आप्पांनी तो हंडा उचलून बाजूला ठेवला आणि कडं धुऊन पुसून घेतलं. हंडा भरलेला होता, ते पाणी मला पुन्हा आणावं लागलं.

पहिला मोजा झाला तो कंदिलाच्या वातीसारखा सरळ. टाच नव्हतीच. आप्पांचं म्हणणं, टाच कशाला हवी, पाय आपोआप वळतो की. नरसय्यामामा म्हणाले, "जॉबरसाब, पाय वळतंय, मोजा न्हाई वळत." यावर दोघांत बोलणं बंद झालं, पण माग सुरू होते, म्हणून दुसऱ्या दिवशी ते पुन्हा चालू झालं. शेवटी टाच साधली ती अशी की पूर्ण फेरा न घेता निम्म्याच खिळ्यांवर जायचं आणि उलट यायचं, प्रत्येक वेळी कडेचा एकेक खिळा सोडत जायचं, मग सोडलेले खिळे तसेच एकेक करून परत घ्यायचे. कड्याच्या पोटात एक खोलगट वाटी तयार व्हायची. ती वाटी पहिल्यांदा उतरली तेव्हा ओट्यावर चहा फिरला. चहा आईनं केला. वरची दोन सुलट दोन उलटची पट्टी त्यांनी वगळूनच टाकली, त्यामुळे मोज्याची कड आपोआप गुंडाळली जायची. आप्पांनी तिला फॅशन म्हणून मंजुरी दिली.

आता कुणीही विचारेल की एवढं सगळं करताना पायाचं माप कसं घेतलं. ते घेतलंच नाही. नवऱ्यानं बायकोच्या पायाला हात लावायचा नसतो. लावला तर तिला पाप लागतं. पाप कुणाला लागायचं याची वाटणी आमच्याकडे फार पूर्वीच करून ठेवलेली आहे. चुकून अंधारात आप्पांचा पाय आईला लागला तर आई त्यांना नमस्कार करायची, आणि आईचा पाय आप्पांना लागला तरी आईच नमस्कार करायची. ओट्यावर परकी माणसं असली की ती लुगड्याचा काठ ओढून पाय झाकून बसायची. तेव्हा आप्पांनी माप घेतलं ते तिच्या चपलेचं. मग न्हाणीतून बाहेर येताना फरशीवर उमटलेल्या तिच्या ओल्या पावलाचं, ते वाळायच्या आत पळत जाऊन सुतळीनं. मग माझ्या पायाचं, कारण मी तिच्यावर गेलेय असं सगळे म्हणायचे. एकदा मला टेप घेऊन आत पाठवलं, मी लांबी-रुंदी आणून दिली, तर आप्पा म्हणाले आकडे काय कामाचे, ताण कळाया पाहिजे. लोकर ताणली जाते, सूत ताणलं जात नाही. पान लोकरीचं होतं आणि मोजा सुताचा, त्यामुळे सगळा खेळ ताणाचा आहे, हे त्यांनी मला, नरसय्यामामांना, मौलाचाचांना आणि पोस्टमनला समजावून सांगितलं. पोस्टमनचा तर नाइलाज होता, त्याला मनीऑर्डरवर सही हवी होती.

पण आमच्या ओट्याची खरी करामत म्हणजे जोडवी. आईच्या दोन्ही पायांत अंगठ्याशेजारच्या बोटात चांदीची जाड, वळ्यांची जोडवी होती, लग्नात घातलेली. पुण्याच्या पानात जोडव्यांचा उल्लेख नव्हता, कारण ते मोजे पुरुषाचे. सूत जोडव्यात अडकायचं, तुटायचं, आणि मोज्याला भोक पडायचं. यावर जवळजवळ पंधरवडाभर खल झाला. नरसय्यामामांनी टॉवेलच्या काठाचं उदाहरण दिलं, आप्पांनी मागात इकडून तिकडे पळणाऱ्या धोट्याचं. अखेर बोटांकडे येताना नेमक्या जागी दोन खिळ्यांवर दुहेरी फास घेऊन एक फुगवटा काढायचा असं ठरलं, म्हणजे जोडवं त्यात आरामात बसेल. तो फुगवटा जमला तेव्हा आप्पांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो माझ्या जन्माच्या वेळी झाल्याचं मी ऐकलं होतं त्याहूनही जास्त होता. इतकी शहाणी माणसं इतके दिवस बसली होती, आणि जोडवी काढून ठेवता येतात हे एकालाही सुचलं नाही. सुचलं असतं तरी बोलायची छाती कुणाची झाली नसती. बायकोची जोडवी नवरा मेल्यावर निघतात, आणि नवरा तर तिथंच बसून विणत होता.

आईनं मोजे घातले. कसे झालेत असं आप्पांनी दारातूनच विचारलं. आई म्हणाली, "चांगलं हायती की." आईचं उत्तर नेहमी हेच असायचं. भाजीत मीठ नसलं तरी चांगलं हाय की, ताप चढला तरी चांगलं हाय की. ते मोजे घालून ती हळदीकुंकवाला गेली, तेव्हा बायकांनी ते वाकून वाकून पाहिले, आणि जॉबरनं बायकोसाठी हातानं केले म्हटल्यावर दोघीतिघींनी आपल्या घरच्या माणसाचं नाव घेऊन सुस्कारा सोडला. आई घरी आली ती जरा ताठ चालत. तिला खरंच बरं वाटलं होतं. लग्नानंतर आप्पांनी तिच्यासाठी स्वतः काही केल्याची ही पहिलीच वेळ होती, आणि त्यासाठी गिरणी बंद पडावी लागली होती.

मग एके दिवशी धुण्यात मला डावा मोजा सापडला, तो फुगवट्याच्या जागी आतून तपकिरी, कडक झालेला. वासही येत होता. मी आईला विचारलं तर म्हणाली, दुखत न्हाय गं, आणि तेंच्यापुढं बोलू नको, येवढ्या हौसेनं केलंय. मी तशीच मोजा घेऊन ओट्यावर गेले आणि आप्पांना दाखवला. आप्पांनी काय केलं? मोजा उलटा केला, उजेडाकडे धरला, फास तपासले, नरसय्यामामांकडे दिला. नरसय्यामामांनी सूत चोळून बघितलं. दोघांचं एकमत झालं की सुताला कांजी जास्त लागलीय, ती घासते, पुढच्या वेळी धुऊन घ्यावं. मोज्याची तपासणी पूर्ण झाली. पाय आत भाकरी थापत होता. मला त्या दिवशी त्या दोघांचा जो राग आला तो आज लिहितानाही तसाच आहे, आणि तो कमी करायचा माझा विचार नाही.

मी शाळा बुडवून आईला दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरीणबाईंनी तिला भिंतीकडे बघायला सांगितलं आणि तळपायाला सुई टोचली. टोचलं की सांगा म्हणाल्या. आई भिंतीवरचं बाळाचं चित्र बघत शांत बसून होती. त्यांनी पुन्हा टोचली, रक्ताचा थेंब आला, आणि आई म्हणाली की बाई, टोचा की, मी कवाची वाट बघतीय. डॉक्टरीणबाईंनी सुई बाजूला ठेवली. त्यांनी जोडवं हलवून बघितलं, ते हललं नाही. बोट दोन्ही अंगांनी सुजून जोडव्यावर आलं होतं आणि शेंड्याला काळं पडत होतं. हे जोडवं आत्ताच्या आत्ता तोडायला पाहिजे म्हणाल्या. आई पाय ओढून घेऊन उभी राहिली. घरच्यास्नी विचारल्याबिगर न्हाय, म्हणाली, आणि तिला कुणी हलवू शकलं नाही. डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेतलं. आज जोडवं निघालं नाही तर बोटावर भागणार नाही, पाय जाईल, असं त्यांनी मला स्वच्छ सांगितलं. मोजे वडिलांनी केलेत हे मी सांगितलं तेव्हा म्हणाल्या, तिला विचारत बसू नका, तिच्या पायाला काही कळत नाही; ज्यानं मोजा केलाय त्यानं स्वतः हात लावून बघायचं.

आम्ही परतलो तेव्हा ओट्यावर सभा भरलेली होती. मी चप्पल न काढता सगळ्यांसमोर सांगितलं. पाय जाईल हेही सांगितलं आणि आप्पांनी हात लावायला हवा हेही. नरसय्यामामांना लगेच शेडमधला तुटलेला धागा आठवला. मौलाचाचांनी लाकूड चिकटवायचा सरस चुलीवर ठेवून आलोय असं पुटपुटत पायजम्याची धूळ झटकली. इतके दिवस त्या पायाची इतकी काळजी वाहिलेला ओटा पाय समोर आला तसा रिकामा झाला. आप्पा आत आले. आई पाटावर बसली होती, लुगड्याचा काठ ओढून. आप्पा मला म्हणाले, सुमे, तू हात लाव आन् मला सांग. मी म्हटलं, मला ताण कळत नाही आप्पा, तुम्हीच म्हणालात. तेव्हा ते गुडघ्यावर हात ठेवून खाली बसले आणि पुढं झाले. आईनं पाय मागं घेतला.

"अहो, पाप लागंल मला."

आप्पा आपल्या जॉबरच्या आवाजात म्हणाले, "हात लावल्याबिगर मशिनचा ताण कळत न्हाय."

"मशिन असते तर बरं झालं असतं की," आई म्हणाली. "येवढ्या वर्षांत येकदा तरी तेलपाणी केलं असतं तुमी."

ती हे रागानं बोलली नाही. डब्यात पीठ संपलंय हे ज्या आवाजात सांगायची त्याच आवाजात बोलली. ती एकदाची बोलली याचा मला इतका आनंद झाला की मी तोंड फिरवलं, आणि फिरवल्यावर रडू आलं. पुन्हा बघितलं तेव्हा आईचा डावा पाय आप्पांच्या मांडीवर होता आणि आई डोळे मिटून, हात जोडून बसली होती, देवाची माफी मागत असावी. आप्पांची बोटं पोटरीपासून खाली येत होती. गुंडाळलेली कड, घोटा, ती गाजलेली टाच, सगळं चाचपत ती फुगवट्यापाशी आली आणि थांबली. त्यांनी माझ्याकडे न बघता कात्री मागितली. मी मशीनवरची कात्री दिली. सबंध गल्लीला दाखवून झालेला तो मोजा त्यांनी वरपासून बोटांपर्यंत एका दमात उभा कापला.

मला वाटतं, आईचा पाय त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. तळव्याला जुन्या भाजल्याचे डाग होते, गच्चीवरच्या फरशीचे. ज्या उन्हाबद्दल ते ओट्यावर बढाया मारायचे ते सगळं तिथं होतं. एका डागावर अंगठा ठेवून ते म्हणाले, हे कवा झालं. आई म्हणाली, काय म्हाईत, दुखत न्हाय. मग त्यांनी मला त्यांच्या गिरणीच्या पेटीतली बारीक पक्कड आणायला सांगितलं, आणि आईला एकदम कळलं काय चाललंय ते. तिनं त्यांचं मनगट धरलं. जोडवी न्हाय तोडायची, तुमच्या जिवावर येतं, असं ती पुन्हा पुन्हा म्हणायला लागली.

"मी जिता बसलोय की तुझ्याफुडं," आप्पा म्हणाले. "बोट मरायलंय, ते बघ."

चांदी तुटताना फारसा आवाज झाला नाही. दोन्ही पायांची काढली. मागाखाली आडवं पडून चालू पट्ट्याला भिडणाऱ्या त्याच हातांनी. मग त्यांनी स्वतः रिक्षा बोलावली, आईला आधार देऊन बसवलं आणि गल्ली बघत असताना तिचा तो पाय आपल्या मांडीवर घेऊन दवाखान्यापर्यंत गेले. बोट गेलं. डॉक्टरीणबाईंनी खूप प्रयत्न केले, पण ते गेलं. पाय राहिला. दवाखान्यातून आल्यावर आई कितीतरी दिवस आप्पांना शिंक आली तरी घाबरून बघायची आणि बोडक्या बोटांकडे बघून देवाला काहीतरी कबूल करायची. आप्पांना काही झालं नाही. ते त्यानंतर भरपूर जगले आणि भाकऱ्या तपासत राहिले.

मोजे त्यांनी पुन्हा केले. या वेळी ओट्यावर नाही, आत बसून, विणता विणता कडं बाजूला ठेवून आईचा पाय हातात घेत, बघत, पुन्हा उसवत. फुगवटा काढून टाकला. डावा मोजा उजव्याहून वेगळा झाला, कारण पाय वेगळे झाले होते. डॉक्टरीणबाईंनी सांगितल्याप्रमाणे रोज सकाळी पाय धुऊन, बोटांच्या बेचक्या कोरड्या करून, तळवा उजेडात बघून मग मोजा चढवायचा, हे काम आप्पांकडे आलं. गल्लीत व्हायचं ते झालंच. जॉबरवर काहीतरी करणी केलीय असं बायका म्हणाल्या, आणि ज्यांनी मोजे वाकून पाहिले होते त्याच जास्त म्हणाल्या. पुरुषांनी आप्पांना ओट्यावर नवं नाव ठेवलं, ते मी इथं लिहिणार नाही. आप्पांना ते ऐकू गेलं होतं, मी त्यांचा चेहरा पाहिला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी ते पुन्हा तांब्या घेऊन बसले.

आईनं मात्र पापाचा आपला हिशेब आधीच मिटवायची तोड काढली होती. रोज सकाळी ती आधी आप्पांच्या पायांवर डोकं ठेवायची, आत्ताच करून ठिवते म्हंजी फिटलं, असं म्हणायची, आणि मग पाटावर बसून पाय पुढं करायची. आप्पा त्या नमस्काराला रोज सुखी हो म्हणायचे आणि मग तिची टाच धुवायला घ्यायचे. मला हसू यायचं. असं बरेच महिने चाललं, मी कॉलेजात जायला लागले तरी चाललं. एका सकाळी आईच्या मशीनवर अभ्र्यांची मोठी रास होती आणि मी डबा भरत होते. आप्पांनी हाक मारली तशी ती उठली, येऊन पाटावर बसली आणि तिनं पाय पुढं केला. नमस्कार केला नाही. विसरली असेल म्हणून मी तिच्याकडे पाहिलं, तर ती सरळ आप्पांच्या तोंडाकडे बघत होती. आप्पांनी एकदा स्वतःच्या पायांकडे पाहिलं. थोडी वाट बघितली. मग तांब्या जवळ ओढला आणि तिचा पाय मांडीवर घेतला.